पुस्तिकेतून गाळलेला नियम

बाई,

परवा कोरपन्याला चाळीस मास्तरांना मी पुडा बांधायला शिकवला. तुम्ही शिकवायच्या तसाच. वीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी शब्द, चिठ्ठ्यांच्या कडा सारख्या करायच्या, मधोमध दोरा दोनदा फिरवायचा आणि गाठ मारायची. तिकडे कापसाचा मुलूख आणि सिमेंटचे कारखाने. त्यामुळे मे महिन्यात लोक भल्या पहाटे जंगलात जाऊन तेंदूची, म्हणजे विडीची, पानं कशी तोडतात, सत्तर पानांचा पुडा कसा बांधतात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे फळीवर, ते पुडे कसे नेऊन देतात आणि तिथला मुन्शी ते कसे तपासतो, हे सगळं आधी समजावून सांगावं लागलं. मी ते फार रंगवून सांगतो. इतक्यांदा सांगितलंय की हशा कुठे येणार हेही पाठ झालंय. शेवटी म्हणतो, चला, आता हीच फळी आपल्या इंग्रजीच्या तासाला भरवू. लोक टाळ्या वाजवतात. परवाही वाजवल्या, आणि मी मान जराशी खाली घालून त्या घेतल्या. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाहीये. आज रविवार, भर दुपार आहे, बायको तिच्या बहिणीकडे गेली आहे आणि मी तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही जाऊन पाच वर्षं झाली. तुम्ही असता तर मी हे लिहिलंच नसतं, एवढी मला माझी ओळख आहे. आणि एक सांगतो, तुमच्याशी मी कायम ‘मले’, ‘तुमाले’ असंच बोललो. आता हात आपोआप ‘मला’ लिहितो. भाषणं देऊन देऊन लागलेली सवय, तेवढी चालवून घ्या.

मी पाचवीत होतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात तुम्ही चंद्रपूरहून बदलून आलात. तुमचे वडील शहरात गाद्या-रजया भरायचे, हे तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं. कोणत्या बाईंनी स्वतःच्या घरचं असं काही सांगितलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. मग तुम्ही आमच्या बोटांकडे पाहिलं. निम्म्या वर्गाची बोटं काळी. “काय रे, हात धुवत नाई का तुमी लोक?” म्हणालात, आणि सगळा वर्ग हसला. एवढ्या शिकलेल्या बाईला तेंदूचा चीक कळत नाही, याचं आम्हाला भारी नवल वाटलं. दुसरी एखादी असती तर रागावली असती. तुम्ही त्याच दिवशी शाळा सुटल्यावर माझ्यासोबत आमच्या घरी आलात आणि माझ्या मायला म्हणालात, “मले पुडा बांधून दाखवा.”

माय चुलीपाशी बसली आहे. तेंदूचा हंगाम संपलेला, म्हणून जेवायच्या पत्रावळीसाठी आणलेली पळसाची पानं तिनं पुढे ओढली आहेत. तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसलात, ओढणी कमरेला खोचून. तिनं नको नको म्हणत दिलेला पाट तुम्ही बाजूला सारलाय. “असं नाई जी बाई, देठं एकीकडं करा,” माय म्हणते. तुमचा पुडा सुटतो. पुन्हा बांधता, पुन्हा सुटतो. तिसऱ्यांदा पानं सगळ्या घरभर झाली तेव्हा माय हसली. परक्या माणसासमोर माय हसत नसे. मग काळा चहा झाला आणि ती आपणहून फळीचं सांगायला लागली. मुन्शी कसा अंगठ्यानं पुडा फर्रकन चाळते अन् बाजूले फेकून देते. तुम्ही विचारलं, “काऊन फेकते?” माय म्हणाली, “त्याची मर्जी जी. कारण कोण इचारते त्याले?” तुम्ही कप खाली ठेवलात. मी पाहत होतो. नंतर तुम्ही चहा घेतलाच नाही, तो तसाच निवला. माय मागाहून मला म्हणाली, चहात साखर कमी पडली असंन.

महिन्याभरात वर्गात पुडे आले. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या, आणि तुमच्या वडिलांकडचा रजईचा जाड पांढरा दोरा. कोणाच्या पुड्यात कोणते शब्द जाणार हे पुस्तक ठरवत नव्हतं. तुम्ही एकेकाला जवळ बोलवायच्या आणि विचारायच्या, “तुले कोणता शब्द पाहिजे?” आम्हाला सफरचंद नको होतं, ते आम्ही चित्रातच पाहिलेलं. आम्ही अस्वल मागितलं, डास मागितला, ताप, चिखल, कुंपण, उपाशी, रुसणं. एका पोरीनं मोह मागितला, फुलं वेचतात तो. तुम्ही शब्दकोश बराच चाळलात आणि म्हणालात, इंग्रजांच्या देशात मोह होत नाई, त्याले आपलंच नाव राहू दे. शुक्रवारी व्हरांड्यात फळी भरायची. दर आठवड्याला मुन्शी नवा. ज्याचा पुडा त्यानं मुन्शीसमोर धरायचा, मुन्शीनं अंगठ्यानं चाळून मधलीच एक चिठ्ठी ओढायची, आणि पुडेवाल्यानं तो शब्द सांगायचा, नाहीतर करून दाखवायचा. नाही जमलं तर चिठ्ठी रद्द. रद्द चिठ्ठी व्हरांड्याच्या कठड्यावर दगडाखाली पानांसारखी वाळत ठेवायची, सोमवारी पुन्हा उचलायची. आणि सगळ्यांच्या वर तुमचा एक नियम होता. रद्द म्हणायच्या आधी मुन्शीनं स्वतः त्या शब्दाचा अर्थ सांगायचा. त्यालाच आला नाही, तर चिठ्ठी पुड्यात परत आणि त्याची मुन्शीगिरी गेली. मुलं या नियमासाठी टपून बसलेली असत. मुन्शीची ऐट उतरवण्यात जी मजा होती ती कशातच नव्हती.

माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत होतो. मायचे पुडे फेकणारा तो माणूस माझ्या डोक्यात बसला होता, आणि मला, खरं सांगतो, त्याच्यासारखं व्हायचं होतं. कानावर पेन्सिल खोचली होती. आमच्या मागच्या घरात राहणारी एक पोरगी होती, वर्गात तोंड उघडायची नाही, तिच्या पुड्यातून मी चिठ्ठी ओढली. थर्स्टी. ती काहीतरी पुटपुटली. मी ऐकून न घेताच ‘रद्द’ म्हणून चिठ्ठी जमिनीवर टाकली. तुम्ही उठून आलात. ओरडला नाहीत. “तू सांग,” म्हणालात. मला येत नव्हतं. ती पोरगी गेली, माठातून पेलाभर पाणी घेतलं, घटाघटा प्याली आणि ओढणीनं तोंड पुसलं. सगळे हसले, तीही हसली. तुम्ही माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि एवढंच म्हणालात, “आपल्याले येत नाई ते दुसऱ्याचं फेकायचं नाई, बाबू.” मी घरी जाऊन रडलो. मायला सांगितलं तर ती म्हणाली, “बरोबर बोलल्या बाई.” तिनं त्या दिवशी मला भात जास्त वाढला, पण बाजू तुमचीच घेतली.

सातवी झाल्यावर मी कुरखेड्याला वसतिगृहात गेलो. निघताना तुम्ही मला एक कोरा पुडा दिलात. शंभर चिठ्ठ्या, एकीवरही अक्षर नाही. “आता मी नाई सांगणार, तुझे तू भर.” दहावीपर्यंत तो भरला. इंग्रजीत मी पास झालो तो त्याच्यामुळे, नाहीतर आमच्या बॅचची त्या विषयात काय दाणादाण उडाली ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुढे मास्तर झालो, मग परीक्षा देऊन पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी. म्हणजे शाळा तपासत फिरायचं आणि शेरेबहीत शेरा लिहायचा. माय तेव्हा होती. तिला कोणीतरी विचारलं, पोरगा काय करते, तर म्हणाली, “शाळाचा मुन्शी हाय.” मला राग आला होता. चारचौघांत असं बोलतात का म्हणून मी तिला घरी येऊन बोललो.

त्या दिवसाचं आता लिहितो. हेच लिहायचं टाळत एवढं पान भरवलं. तुमच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती आणि तुम्ही आमच्याच तालुक्यात, जंगलातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेवर होतात. वरचे एक साहेब नवीन आले होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, त्यांना घेऊन मी गाडीनं निघालो. कोणत्या शाळेत नेतो हे मला माहीत होतं, मुद्दाम नेत होतो. माझ्या बाईंचा वर्ग दाखवावा असं मनात होतं, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आम्ही पोचलो तर व्हरांड्यात फळी भरलेली. तिसरी-चौथीची पोरं, आणि काय तो कल्ला. तुम्ही मला पाहिलं आणि तुमचा चेहरा असा फुलला की मला आजही तो नीट आठवतो. खुर्ची पुसलीत, “या साहेब” म्हणालात. मला. आणि मग पोरांकडे वळून, सगळ्यांसमोर, “पोरं हो, हे साहेब माह्या वर्गात मुन्शी होते. एकदा त्यायची मुन्शीगिरी मी काढून घेतली होती.” पोरं खिदळली. मोठे साहेबही हसले. माझ्याकडे बघत म्हणाले, “अरे वा, तुमच्याच बाई का? मग आज काय शेरा लिहिणार तुम्ही, आनंद आहे.”

एवढंच झालं होतं, बाई. कोणी मला मारलं नाही, कोणी धमकी दिली नाही. साहेब गमतीनं बोलले आणि दुसऱ्या मिनिटाला विसरलेही असतील. पण मला वाटलं, आता हे ऑफिसात जाऊन सांगणार की हा माणूस ओळखीच्यांना सांभाळून घेतो. एक लहानशी पोरगी माझ्यासमोर पुडा धरून उभी राहिली, “सर, काढा ना जी.” मी पुडा हातात घेतला नाही. विचारलं, “पुस्तक कुठं आहे तुझं?” ती गडबडली. मी एका पोराला फळ्याकडे पाठवलं आणि बिकॉज लिहायला लावलं. त्याला ते नाही आलं. तिसरीच्या पोराला जंगलातल्या शाळेत पाहुण्यांसमोर खडू हातात देऊन कोण बिकॉज लिहून दाखवणार आहे? तुम्ही मध्ये म्हणालात, “साहेब, त्याले बोलता येते, विचारून तर पाहा.” मी म्हटलं, “बाई, बोलणं आम्ही तपासत नाही.” मला माझाच आवाज ओळखू आला नाही. शेरेबही मागवली. लिहिलं की इंग्रजीच्या तासाला पाठ्यपुस्तकाचा वापर आढळला नाही, वर्गात गोंगाट होता, चिठ्ठ्यांचे खेळ तात्काळ बंद करून लेखनसराव घ्यावा आणि संबंधित शिक्षिकेने आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खुलाशाची काही गरज नव्हती. ते मी साहेबांकडे एक नजर टाकून वाढवलं. तुम्ही वाचलंत, खाली सही केलीत. मग म्हणालात, “चहा ठेवलाय, साहेब.” मी म्हटलं, उशीर होतोय. पुढे कुठेच जायचं नव्हतं, गाडी सरळ ऑफिसात आली. रस्त्यात साहेब एवढंच म्हणाले, “जरा जास्तच कडक आहात तुम्ही.” म्हणजे ज्याच्यासाठी मी हे केलं त्यालाही ते नको होतं.

खुलासा चौथ्या दिवशी आला. दोन ओळी. सूचनेप्रमाणे खेळ बंद केला आहे, लेखनसराव सुरू आहे. मी त्यावर सही करून तो फाइलला लावला. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल, मोठं पत्र लिहाल, निदान ऑफिसात येऊन चार शब्द सुनवाल. मग मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला अजून सांगतो. तुमच्या मुख्याध्यापकांनी नंतर सांगितलं की शेवटची दोन वर्षं बाई खुर्चीवर बसून पुस्तकातून शिकवायच्या, आवाज कसा तो नाही. पोरं मागायची, बाई, फळी भरवा ना. तुम्ही म्हणायच्या, ते बंद झालं बेटा. निरोप समारंभाला मी आलो नाही. निवडणुकीचं काम आहे असं कळवलं, आणि तेव्हा कुठलीच निवडणूक नव्हती.

पुढे वारं फिरलं. वरूनच सांगणं यायला लागलं की खेळातून इंग्रजी शिकवा, स्थानिक गोष्टी वापरा, पोरांच्या अनुभवातले शब्द घ्या. प्रत्येक तालुक्यातून नवा उपक्रम मागवला. आमच्या ऑफिसात कोणाकडे काही नव्हतं. माझ्याकडे होतं. मी एकाच बैठकीत ‘शब्दपुडा’ म्हणून चार पानं लिहून काढली, वर माझं नाव, खाली हुद्दा. ते निवडलं गेलं. मला शाल दिली, आमच्या आणि चंद्रपूर अशा दोन्ही जिल्ह्यांत मार्गदर्शक म्हणून बोलावायला लागले, पुस्तिका छापून आली. तुम्ही तेव्हा चंद्रपुरात भावाकडे होतात, धडधाकट होतात, आणि दर महिन्याला माझी चंद्रपूरला चक्कर होत होती. तुमच्या मोहल्ल्यावरून रिक्षा जायची. एकदा तर मी उतरलोही होतो. समोरच्या दुकानातून केळी घेतली, पिशवी हातात धरून उभा राहिलो, मनात म्हटलं, जाऊन काय सांगायचं? की जे बंद करायला लावलं तेच माझ्या नावानं चालू केलंय? केळी घरी नेली. पुढच्या वर्षी आमच्या मास्तरांच्या व्हॉट्सॲप गटावर तुम्ही गेल्याचं आलं. मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि हात जोडले. त्याच्याच खाली कोणीतरी मला पुढच्या प्रशिक्षणाची तारीख विचारली होती, तिचंही उत्तर देऊन टाकलं.

आणि आता परवाचं. त्या पुस्तिकेत तुमचा सगळ्यात वरचा नियम नाही. मी तो गाळला. लोक विचारत नाहीत, पण मी कारण तयार ठेवलं होतं की खेळ सुटसुटीत हवा. खरं कारण असं की तो नियम लिहायला घेतला की माझ्यापुढे ती शेरेबही उघडायची. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. तर परवा चहाच्या सुट्टीआधी एक तरुण शिक्षिका उठली. ती म्हणाली, “सर, मी गेल्या वर्षीपासून तुमची पुस्तिका वापरून राह्यली. पण माह्या वर्गात हा खेळ भांडणातच संपते. जो मुन्शी होते तो हुशार पोरगा रद्द, रद्द करत सुटते, आणि ज्यायले कमी येते त्यायचेच पुडे फेकल्या जातात. एक पोरगी तर दोन दिवस शाळेतच आली नाई. मायले म्हणे, मले फेकून देतात. मी काय करू?” सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला पाचवीपासून येतं. जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग हे पुस्तिकेत का नाही. मी म्हटलं, “आपल्या वर्गाच्या पातळीवर योग्य तो बदल करून घ्यावा.” तिनं वहीत लिहून घेतलं, बाई. माझं ते पोकळ वाक्य तिनं खाली रेघ मारून लिहून घेतलं.

दोन दिवस ती घरी बसलेली पोरगी माझ्या डोक्यातून जाईना. मी तिला पाहिलेलंही नाही. तुमचा खेळ ज्या गोष्टीवर इलाज म्हणून जन्मला, तीच गोष्ट मी चाळीस-चाळीस जणांना शिकवत दोन जिल्हे फिरतो आहे. अशा किती पोरी असतील, कोण जाणे. याची मला लाज वाटते. शाल घेतल्याची वाटत नाही एवढी वाटते. शेवटी आज सकाळी प्रशिक्षणाच्या गटावर मी तो नियम टाकला. ‘महत्त्वाची सूचना. जो मुन्शी शब्द रद्द करेल त्याने आधी स्वतः त्याचा अर्थ सांगावा. न आल्यास मुन्शी बदलावा.’ वर एक ओळ लिहिली होती की हा नियम आणि हा खेळ माझ्या बाईंचा आहे. ती दोनदा वाचली. मग ती पुसली आणि बाकीचं पाठवलं. खाली सवयीनं माझं नाव गेलं.

लगेच अंगठे आले. खूप छान सर, अप्रतिम सर. त्यानंतर त्या शिक्षिकेचा निरोप आला. तिनं लिहिलंय, “सर, ह्यानं माह्या वर्गाचं काम होईन. सोमवारीच करून पाहीन. पण हे तुमाले कसं सुचलं?” मी तो वाचलाय आणि वाचल्याची निळी खूण तिला दिसत असणार. त्याला आता तीन तास होऊन गेले. तिला उत्तर द्यायचं सोडून मी हे पत्र लिहीत बसलो, बाई, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.